शाईची वाट

जून महिन्यात शाळा उघडते, त्या सुमारास नव्या वह्यापुस्तकांबरोबर एखाद्या घरात एक नवे फौंटनपेनही येते. आजोबांनी हौसेने आणलेले असते, किंवा मावशीने बक्षीस म्हणून पाठविलेले असते. त्या संध्याकाळी मुलगा कोणी न सांगता अभ्यासाला बसतो. पेनात शाई भरली जाते, वहीचे पहिले पान उघडते आणि 'श्री' काढण्यासाठी निब कागदावर टेकते. पण शाई उतरत नाही. मुलगा पेन झटकतो. भिंतीवर निळ्या ठिपक्यांची एक रांग उमटते. तो पुन्हा निब टेकवतो, दाबतो, आणखी जोराने दाबतो. मग एकाएकी 'श्री'च्या जागी एक टपोरा थेंब पडतो, पसरतो आणि पानाच्या पाठीवरही त्याची सावली दिसू लागते. आठ दिवसांनी ते पेन टेबलाच्या खणात जाऊन पडते. "पेनच खराब निघाले," असा निकाल लागतो आणि मुलगा पुन्हा बॉलपेन हाती घेतो.

हा निकाल देताना पेनाची बाजू मात्र कोणी ऐकून घेतलेली नसते. दहांपैकी आठ वेळा पेनात काहीही दोष नसतो. शाई पेनातून कागदावर कशी येते, हे लिहिणाऱ्याला ठाऊक नसते, एवढेच. बॉलपेनाने लागलेली सवय तो फौंटनपेनावर चालवू पाहतो आणि तेथेच सगळे बिनसते.

या दोन पेनांत फरक आहे तो मुळातला आहे. बॉलपेनाच्या टोकाशी एक अगदी लहान गोळी असते. हंगेरीतील लास्लो बिरो याने १९३८ साली या पेनाचे पेटंट घेतले. त्यातील शाई घट्ट, जवळजवळ लेपासारखी असते. गोळी कागदावर घासून फिरली म्हणजे तो लेप कागदाला लागतो. गोळी फिरण्यासाठी थोडा भार द्यावाच लागतो; म्हणून बॉलपेनाने लिहिणाऱ्याच्या हाताला दाबण्याची सवय होते. फौंटनपेनाची शाई पाण्यासारखी पातळ असते. तिला कोणी ढकलावे लागत नाही. निबेचे टोक कागदाला नुसते टेकले की कागदच तिला आपल्याकडे ओढून घेतो. ही एक गोष्ट नीट ध्यानात आली, तर पेन कसे धरावे, शाई कोणती घ्यावी आणि कागद कसा पारखावा, हे पुढचे सारे तिच्यातूनच समजते.

कागद शाई कशी ओढतो, हे समजण्यासाठी देवघरातील समईकडे पाहावे. समईतील तेल खाली आणि ज्योत वर. तरी तेल वातीतून वर चढते. वातीच्या तंतूंमधील जागा अतिशय अरुंद असतात आणि अरुंद जागेत द्रवपदार्थ आपोआप सरकत जातो. या गुणाला केशाकर्षण म्हणतात. केसासारख्या बारीक नळीतून होणारे हे आकर्षण आहे, म्हणून हे नाव. निबेच्या मधोमध एक बारीक चीर असते. ती या नळीचेच काम करते. चिरेतून शाई टोकापर्यंत येते आणि तेथे थांबते. कागद हा वनस्पतीच्या तंतूंचा बनलेला असतो. या तंतूंतही असंख्य अरुंद जागा असतात. टोक कागदाला लागताच शाई चिरेतून त्या जागांत शिरते आणि तिच्या मागोमाग दुसरी शाई टोकाशी येते.

पण एवढ्याने पेन चालत नाही. शाई बाहेर आली तर तिच्या जागी काहीतरी आत गेले पाहिजे. गोडेतेलाचा बंद डबा फोडताना घरातील माणसे त्याला एक भोक पाडून थांबत नाहीत. समोरच्या कडेला दुसरे भोक पाडतात. एकच भोक असेल, तर तेल थोडे येते, अडते, मग गचके देत सांडते. दुसऱ्या भोकातून हवा आत जाऊ लागली की धार सरळ पडते. फौंटनपेनातही शाई बाहेर आणि हवा आत, अशी देवघेव सतत चालावी लागते. निबेच्या पोटाशी जी काळी पट्टी असते, तिच्यात ही देवघेव होते. तिला आपण जीभ म्हणू. जिभेच्या वरच्या अंगाला एक पन्हळ असते आणि पन्हळीच्या तळाशी त्याहून बारीक चिरा असतात. शाई या चिरांतून उतरते आणि हवा पन्हळीतून बुडबुड्यांच्या रूपाने आत चढते. जिभेच्या पोटाला पुष्कळदा माशाच्या कल्ल्यांसारखे पातळ पडदे असतात. कधी शाई जास्त उतरली, तर ती या पडद्यांच्या फटींत अडकून राहते, कागदावर गळत नाही.

ही साधी दिसणारी पट्टी जमण्यास माणसाला बरीच वर्षे लागली. पूर्वी आपल्याकडे बोरूने लिहीत. बोरूच्या काडीचे टोक चाकूने तिरपे तासायचे, मधोमध चीर द्यायची आणि दौतीत बुडवून लिहायचे. इंग्लंडातील बर्मिंगहॅम शहरात एकोणिसाव्या शतकात पोलादी निबांचे मोठे कारखाने निघाले आणि बोरूची जागा टाकाने घेतली. टाकाला तासण्याचा त्रास नव्हता. पण चार शब्द लिहिले की दौतीत बुडविणे सुटले नव्हते. तेव्हा दौतच लेखणीच्या पोटात घालता आली तर, असा विचार अनेकांच्या मनात आला. पॅरिसमध्ये शिकत असलेल्या पेत्राके पोएनारू या रुमानियाच्या विद्यार्थ्याने १८२७ साली अशा लेखणीचे पेटंट घेतले. त्यानंतरही कितीतरी लेखण्या निघाल्या. शाई पोटात साठविणे कोणालाही जमत होते. ती हवी तेवढीच बाहेर सोडणे मात्र जमत नव्हते. काही लेखण्या लिहीतच नसत आणि काही एकदम भडाभडा ओकत.

१८८४ साली न्यूयॉर्कच्या लुइस वॉटरमन या विमा-प्रतिनिधीला आपल्या पेनाचे पेटंट मिळाले. शाईच्या पन्हळीच्या तळाशी बारीक चिरा पाडण्याची युक्ती त्याची. त्याच्याबद्दल एक गोष्ट नेहमी सांगतात. मोठ्या विमा-करारावर सही घेताना पेन गळले, कागद खराब झाला, तो दुसरा कागद आणायला गेला तोवर गिऱ्हाईक दुसऱ्याने पळविले आणि त्या रागातून त्याने नवे पेन शोधून काढले, अशी ती गोष्ट आहे. गोष्ट छान आहे, पण तिला पुरावा नाही. ती पुढे जाहिरातींतून पसरली. खरे श्रेय त्या सांडलेल्या थेंबाचे नसून हवेला वाट करून देण्याच्या विचाराचे आहे. पुढे या लेखणीला मराठीत 'झरणी' असे सुरेख नाव कोणीतरी दिले. ते रूढ झाले नाही, ही खेदाची गोष्ट आहे. कारण त्या नावात शाई आपोआप झरते, हे मर्म आलेले आहे.

आता खणातल्या त्या पेनाकडे वळू. पहिली चूक झाली ती दाबण्याची. निब दाबली म्हणजे तिचे दोन्ही भाग एकमेकांपासून दूर जातात. चीर रुंद झाली की तिची ओढ कमी होते. कधी शाईची धार तुटते, तर कधी सैल चिरेतून ती एकदम सुटते. वारंवार दाबल्यास निब कायमची फाकते आणि मग ती पूर्ववत करणे अवघड असते. पेन कागदाशी साधारण अर्ध्या काटकोनात, आडवे कललेले असावे. निबेची पाठ आकाशाकडे राहावी आणि तिचे दोन्ही भाग कागदाला सारखे टेकावेत. बोटांनी पेन आवळून धरू नये. हात हलका असावा. हात हलका आहे की नाही, हे पाहण्याची एक सोपी परीक्षा आहे. पानभर लिहून झाल्यावर पान उलटावे आणि त्याच्या पाठीवरून बोट फिरवावे. अक्षरे बोटाला लागली, तर हात जड आहे असे समजावे. बॉलपेनाने लिहिलेल्या बहुतेक वह्यांची पाने पाठीमागून अशी खडबडीत लागतात.

हलक्या हाताने हात कमी दुखतो, हा लाभ परीक्षेच्या दिवसांत कळतो. दाबून लिहिणाऱ्याची बोटे चौथ्या-पाचव्या पानाला आखडतात आणि अक्षर बिघडू लागते. अक्षर बिघडले की मुलाला बोलणी बसतात. वास्तविक त्याच्या अक्षराचा दोष नसतो. बोटे थकलेली असतात.

निबेचे टोक बारीक, मध्यम किंवा जाड असते. निबेवर ते एफ, एम, बी या अक्षरांनी दाखविलेले असते. देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी, रफार यांची एका अक्षराभोवती गर्दी होते. 'राष्ट्र', 'कर्तृत्व' असे शब्द जाड निबेने लहान ओळीत लिहिले, तर त्यांचा गोळा होतो. म्हणून आरंभाला बारीक टोक बरे. जपानी बनावटीचे बारीक टोक युरोपीय बारीक टोकाहून आणखी बारीक असते, हे विकत घेताना माहीत असावे. टोकाला जो चकचकीत कण दिसतो तो पोलादाचा नसून प्लॅटिनमच्या कुळातील एखाद्या अतिशय कठीण धातूचा किंवा मिश्रधातूचा असतो. तो इतका कठीण असतो की झिजायला वर्षानुवर्षे लागतात. त्यामुळे 'पेन दुसऱ्याला देऊ नये, निबेला त्याच्या हाताचे वळण लागते,' असे जे म्हणतात ते फारसे खरे नाही. निबेला वळण लागत नाही, हातालाच निबेचे वळण लागते. मात्र दुसऱ्याचा हात जड असेल, तर एका ओळीतही निब फाकू शकते. तेव्हा पेन न देण्याचा नियम चांगला, कारण तेवढे चुकीचे.

डाव्या हाताने लिहिणाऱ्या मुलांची अडचण वेगळी. आपली लिपी डावीकडून उजवीकडे जाते, आणि त्यांचा हात नुकत्याच लिहिलेल्या ओल्या अक्षरांवरून सरकतो. अशा मुलांनी वही थोडी तिरपी ठेवावी आणि हात ओळीच्या खाली राहील असा धरावा. लवकर वाळणारी शाई आणि बारीक टोक घेतले की बोटे निळी होत नाहीत. या कारणासाठी त्यांनी हात बदलण्याची मुळीच आवश्यकता नाही.

शाई भरण्याच्या तऱ्हा अनेक आहेत. काही पेनांत शाईने भरलेली आयती नळी, म्हणजे कार्ट्रिज, बसविता येते. काहींत दट्ट्या फिरवून शाई वर ओढून घेतात. आपल्याकडे फार दिवस चालत आले ते ड्रॉपरने भरण्याचे पेन. त्याच्या पोटात शाई पुष्कळ मावते, पण त्याचा एक स्वभाव आहे. शाई अर्ध्याहून कमी झाली की ते अवचित थेंब टाकते. उरलेली जागा हवेने भरलेली असते. मुठीच्या उबेने ती हवा प्रसरण पावते आणि शाईला पुढे लोटते. पेनात दोन मिलिलिटर हवा असेल, तर तेवढ्या उबेने एखाद-दुसरा थेंब बाहेर येण्याइतकी ती फुगते. म्हणून असे पेन रिकामे होईपर्यंत वाट न पाहता, तिसरा हिस्सा शाई उरली की भरून घ्यावे. वाईहून पाचगणी-महाबळेश्वरचा घाट चढतानाही हाच प्रकार घडतो. वर बाहेरच्या हवेचा दाब कमी होतो, आतील हवा फुगते आणि खिशाला निळा डाग पडतो. प्रवासात पेन पूर्ण भरलेले तरी असावे किंवा पूर्ण रिकामे तरी, आणि निब वरच्या बाजूस ठेवावी.

शाईच्या बाबतीत तर अनुभवी माणसेही चुकतात. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी लिपीतील असंख्य जुने कागद आहेत. दोन-अडीचशे वर्षे उलटली तरी त्यांतील अक्षरे काळीभोर आहेत. ती शाई काजळ आणि डिंक यांची असे. काजळ म्हणजे कोळशाचेच सूक्ष्म कण. त्यांच्यावर ऊन, हवा, पाणी यांचा परिणाम होत नाही. म्हणून ती शाई टिकली. मग अशी उत्तम शाई फौंटनपेनात का भरू नये? बोरूला जी शाई सर्वांत चांगली, तीच फौंटनपेनाला सर्वांत वाईट, असे याचे उत्तर आहे. काजळाचे कण आणि डिंक जिभेच्या बारीक चिरांत वाळून बसतात आणि शाईची वाट बंद होते. बोरू धुतला की झाले. दौत पोटात वागविणाऱ्या पेनाचे तसे नाही. चित्रकलेच्या तासाला वापरतात ती चिनी काळी शाईसुद्धा याच कारणासाठी पेनात घालू नये. हल्ली फौंटनपेनासाठी म्हणून अतिसूक्ष्म कणांची टिकाऊ शाई निघाली आहे. परंतु ती भरलेले पेन फार दिवस पडून राहू देता येत नाही.

दुसरी जुनी शाई मायफळ आणि हिराकस यांची. मायफळ म्हणजे ओक झाडाच्या फांदीवर किड्यामुळे येणारी गाठ. हिराकस हा लोखंडाचा क्षार. दोन्हींचे पाणी एकत्र केले की शाई होते. ती लिहिताना फिकी दिसते आणि कागदावर हवा लागली की हळूहळू काळी होते. पण लिहिताना अक्षर दिसलेच नाही, तर लिहिणार कसे? म्हणून तिच्यात निळा रंग घालू लागले. लिहिताना निळी, नंतर काळी. 'ब्लू-ब्लॅक' हे नाव असे पडले. इंग्लंडात जन्म, विवाह, मृत्यू यांच्या नोंदवह्यांसाठी याच जातीची शाई वापरीत असत. मात्र ती आंबट असते आणि पेनात वाळू दिली, तर पोलादी निबेला गंज चढविते. आज ब्लू-ब्लॅक नावाने विकल्या जाणाऱ्या पुष्कळ शाया नुसत्या रंगाच्या असतात. त्यांत लोखंडही नसते आणि तो टिकाऊपणाही नसतो. नावावरून शाईची परीक्षा होत नाही.

उरली नेहमीची निळी शाई. ही पाण्यात विरघळविलेल्या रंगाची असते. पेनाला तिचा काही त्रास नाही, कपड्याला पडलेला तिचा डागही बहुधा धुतला जातो. शिकणाऱ्याने आरंभ हिच्यानेच करावा. पण जी शाई कपड्यावरून धुतली जाते ती कागदावरूनही धुतली जाते. आषाढात पोस्टात टाकलेल्या पाकिटावर पत्ता या शाईने लिहिला असेल आणि पोस्टमनच्या पिशवीत पाणी शिरले, तर पत्र पोचण्याऐवजी नुसता निळा ओघळ पोचतो. घरात शाईच्या दोन-तीन बाटल्या असतील, तर एका कागदावर प्रत्येक शाईने एकेक ओळ लिहावी, ती एक दिवस वाळू द्यावी आणि मग कागद थाळीतील पाण्यात बुडवावा. कोणती ओळ उरते आणि कोणती जाते, हे दहा मिनिटांत कळते. गृहपाठ कोणत्या शाईने लिहावा आणि पत्ता कोणत्या शाईने, हे मग कोणाला विचारण्याची गरज राहत नाही.

शाई आणि पेने परदेशांतून येत, तो काळ फार दूरचा नाही. १९३१ साली मुंबईत दांडेकर बंधूंनी घोडा छाप शाईच्या पुड्या आणि गोळ्या करण्यास आरंभ केला. पुढे त्यांचीच 'कॅमल' शाई घरोघर गेली. गोळी पाण्यात विरघळवून दौत भरणे, हा त्या काळी शाळेच्या सकाळचा नित्यक्रम होता. १९३२ साली आंध्रातील राजमहेंद्रीस के. व्ही. रत्नम यांनी हाताने फौंटनपेने घडविण्यास प्रारंभ केला. त्यांनी पाठविलेल्या पेनाची पोच गांधीजींनी १९३५ साली वर्ध्याहून पत्राने दिली. बंगालात १९३४ साली निघालेली 'सुलेखा' शाई अशीच स्वदेशीच्या ओढीतून जन्मली.

शेवटी कागद. आतापर्यंत सांगितल्याप्रमाणे शाई ओढण्याचे काम कागदाचे आहे. तेव्हा पेन आणि शाई कितीही चांगली असली, तरी कागद हावरट असेल तर अक्षर बिघडणारच. असा कागद शाई नुसती ओढून थांबत नाही. ती तंतूंच्या वाटेने आडवी पसरू देतो. अक्षराच्या कडांना मुंग्यांच्या पायांसारखे फाटे फुटतात. यालाच आपण 'शाई फुटते' असे म्हणतो. खणातल्या पेनाने टाकलेला तो थेंब पाठीमागे उतरला, त्यात अर्धा वाटा वहीच्या कागदाचा होता.

ही हाव आवरण्याचा उपाय आपल्या कागद करणाऱ्यांना फार पूर्वीपासून ठाऊक होता. जुन्नर आणि दौलताबाद येथील कागदाचा जुन्या काळी लौकिक होता. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याच्या नावातच तो धंदा आहे. कागद तयार झाला की त्याला खळ देत आणि वाळल्यावर गुळगुळीत दगडाने घोटीत. खळीने तंतूंमधील जागा बऱ्याचशा भरून निघतात आणि घोटल्याने पृष्ठभाग सपाट होतो. मग शाई वरच्यावर, जेथे लिहिली तेथेच वाळते. आजच्या कारखान्यांतही कागदाला वेगळ्या तऱ्हेने खळ दिलीच जाते. खळ मुळीच दिली नाही, तर जो कागद होतो त्याला आपण टीपकागद म्हणतो. म्हणजे टीपकागदात काही विशेष घातलेले नसते. उलट नेहमीची वस्तू घातलेली नसते. वर्गात टीपकागद नसला की मुले खडूचा तुकडा थेंबावर धरतात. खडूतील बारीक छिद्रे हेच काम करतात. फक्त पुढचा तास गणिताचा असेल, तर निळा खडू गुरुजींच्या हाती लागू नये, याची काळजी घ्यावी.

समर्थ रामदासांनी दासबोधाच्या १९व्या दशकातील पहिला समास लेखनक्रियेवरच लिहिला आहे. अक्षराचे वळण, पानाभोवती सोडावयाची कोरी जागा, बोरू, शाई, कागद यांचा विचार त्यांनी एकत्रच केला आहे. चांगल्या लेखनात हातासारखाच साहित्याचाही वाटा असतो, हे त्यांनी ओळखले होते.

वहीच्या कागदाचे वजन दर चौरस मीटरला किती ग्रॅम, हे बऱ्याच वह्यांवर छापलेले असते. ५४ ते ६० ग्रॅमच्या वह्या सर्वत्र मिळतात. ७० ते ८० ग्रॅमचा कागद बहुधा अधिक बरा. पण नुसत्या जाडीवर भिस्त ठेवू नये. जपानातील 'तोमोए रिव्हर' नावाचा कागद ५२ ग्रॅम वजनाचा, जवळजवळ पारदर्शक असूनही शाई फुटू न देण्याबद्दल नावाजलेला आहे, कारण त्याचा पृष्ठभाग उत्तम बांधलेला आहे. उलट पुण्याच्या शिवाजीनगर भागात १९४० साली सुरू झालेल्या हातकागद संस्थेत सुती चिंध्यांपासून कागद करीत आले आहेत. अशा हातकागदाचे काही नमुने जाड आणि देखणे असतात, पण ते रंगाला किंवा निमंत्रणपत्रिकेला योग्य. पातळ शाईला ते पिऊन टाकतात. फार चकचकीत कागदही कामाचा नाही. त्यावर शाई तरंगत राहते आणि हात लागताच फासली जाते.

वही विकत घेण्यापूर्वी दुकानदाराची परवानगी घेऊन मागच्या पानाच्या कोपऱ्यात एक टिंब काढावे आणि निब तेथेच मनात तीन अंक म्हणेपर्यंत टेकवून ठेवावी. टिंबाला फाटे फुटले किंवा ते पाठीमागे उतरले, तर ती वही पेन्सिलीसाठी ठेवावी. त्या वहीत पेन्सिलीने गणिते उत्तम होतात. सगळ्याच वह्या महाग असण्याची गरज नाही.

खणातले ते पेन अजून तसेच आहे. वर्षभरात त्याच्यातील शाई वाळून खडखडीत झाली असेल. पुष्कळ मुले अशा वेळी दाढीच्या ब्लेडचे पाते निबेच्या चिरेत घालून ती मोकळी करू पाहतात. असे करू नये; चीर कायमची रुंद होते. पेन उघडून निबेचा भाग वाटीभर साध्या पाण्यात रात्रभर ठेवावा. गरम पाणी नको, त्याने जीभ वाकते. स्पिरिट नको, ते काही जुन्या पेनांचे अंगच विरघळविते. सकाळी वाटीत निळे ढग उतरलेले दिसतील. पाणी ओतून नवे घ्यावे. दुपारी ढग फिके होतील, संध्याकाळी आणखी फिके. पाणी नितळ राहू लागले की निब मऊ फडक्यावर, टोक खाली करून सुकवावी, साधी निळी शाई भरावी आणि पाच मिनिटे पेन तसेच उभे धरावे, म्हणजे शाई जिभेतून खाली येईल. मग न झटकता, न दाबता, वहीच्या पहिल्या पानावर निब टेकवावी. जिभेत उरलेल्या पाण्यामुळे 'श्री' फिका उमटेल. दुसरा शब्द त्याहून गडद येईल, आणि ओळ संपेपर्यंत शाईला आपली वाट सापडलेली असेल.